डावा खिसा

व्हालाँसच्या स्टेशनामागं, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी
माझं दुकान: एक मशीन, एक आरसा, एक पडदा.
पाटीवर नुसतं 'दुरुस्ती' लिहिलंय.
कशाची, ते लिहायला पाटी पुरली नाही.

एकतीस वर्षं मी हे गाव
गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून पाहत आलेय.
चेहऱ्यांआधी मला घोटे आठवतात.

बाहेरून आलेले म्हणतात, इथली माणसं किती सहज नटतात.
सहज!
फाब्रिस मास्तरांना विचारा.
नवाकोरा शर्ट आणतात आणि म्हणतात,
आराक्सी, कॉलर जरा मऊ करून द्या,
नवा वाटता कामा नये.
मी तीनदा धुते, सावलीत वाळवते,
कडक इस्त्री करते,
मग तीच इस्त्री तळहातानं मोडते.
मोडायचे वेगळे पैसे घेत नाही.
घ्यायला हवेत.

गल्लीत ज्याच्या त्याच्या अंगावर निळा.
पण निळा काय एक असतो?
टपालखात्यातून निवृत्त झालेल्या मोरिसेतबाईंचा निळा
जुन्या पाकिटावरच्या शाईसारखा, पत्ता अजून वाचता येईल इतपत.
नर्स सोलेनचा, रात्रपाळीहून परतताना, जवळजवळ काळा.
आणि मासळीवाल्या यूसेफचं जाकीट
धुऊन धुऊन आता रोन नदीवर गेलंय,
एप्रिलमधल्या, गढूळ व्हायच्या आधीच्या.

वारा सुटला की कळतं कुणाला कपडे घालता येतात.
तो उत्तरेकडून खोऱ्यातून येतो,
पाहुण्यासारखा नाही, जप्तीवाल्यासारखा.
सोलेन चालता चालता एका हातानं स्कार्फची गाठ मारते,
दुसऱ्या हातात पाव, कानखांद्यात फोन,
आणि ती गाठ संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही.
कुठं शिकलीस, मी विचारलं.
तिला प्रश्नच कळला नाही.
घरी मी सातदा करून पाहिली.
दर वेळी गळफास.

माझी आई आर्मेनियन. सणाला
असेल नसेल ते सोनं एकदम अंगावर घालायची.
इथं तिला कुणी हसलं नाही.
फक्त एक क्षण जास्त पाहिलं.
तेवढं पुरलं.
पुढच्या वर्षी तिनं एकच बांगडी घातली,
आणि शेजारीण म्हणाली, किती छान दिसताय.
आई घरी येऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

नोव्हेंबरात ओदिल ब्रोशिए आल्या,
नवऱ्याचा ओव्हरकोट हातावर टाकून,
झोपलेलं मूल आणावं तसा.
राखाडी, जाड लोकर, अस्तर दोन ठिकाणी उसवलेलं.
खांदे आत घ्या, म्हणाल्या. बाह्या चार बोटं वर.
मी खडूनं खुणा केल्या.
डावा खिसा खाली ओघळला होता;
तो त्यात चाकू ठेवायचा, चेस्टनट,
कुत्रा मेल्यावरही कुत्र्याचा पट्टा.
हा सरळ करून देते, मी म्हटलं.

त्यांनी हात खिशात घातला.
आरशात त्यांचाही डावा खांदा
अर्धं बोट खाली आला.
"हा असू दे."

मी सगळा कोट उसवला, पुन्हा शिवला,
खिशाला सुई लावली नाही.
एकतीस वर्षांत न केलेल्या कामाचा
मला इतका घाम कधी आला नव्हता.

आता त्या शनिवारच्या बाजारात तो घालून जातात,
लीकच्या जुड्या निवडतात, भावावरून भांडतात,
आणि कॉफी पिणाऱ्या पोरी वळून पाहतात.

परवा त्यांतली एक आली, हातात नवा कोट,
किमतीचा कागद अजून लोंबत असलेला.
डावा खिसा जरा सैल करून मिळेल का,
त्या बाईंसारखा?
किती पडतील?

मी टाचण्या तोंडात धरल्या.
तोंडात टाचण्या असल्या की
उत्तर द्यावं लागत नाही.